विश्लेषण : एका शाळेतील चांगला शिक्षक शेजारच्या शाळेच्या कामी कसा येणार?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले आणि गावाचे नाव जगभर पोहोचले. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर. त्यातील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातील धड्याला क्यूआर कोड जोडायचा, मोबाइलने तो स्कॅन केला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, हा त्यांचा गाजलेला उपक्रम. नंतर राज्याच्या आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड आले.

क्यूआर कोडची एक सोय असते. एकदा तयार झाला की छापखान्यातून तो लाखो पुस्तकांवर जातो. मागच्या रांगेतला मुलगा वजाबाकीत नेमका कुठे अडतो, हे दोन मिनिटांत ओळखणारी शिक्षकाची नजर मात्र छापता येत नाही. ती एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते ती वर्गात शेजारी बसून, आणि त्याला वेळ लागतो. हा वेळ कुणाचा, तो कुठून काढायचा आणि मदतीला येणारा माणूस नेमका कोण, या प्रश्नांवर राज्यात तीस वर्षांहून अधिक काळ व्यवस्था उभी आहे. ती कागदावर चांगली आहे. वर्गापर्यंत ती का पोहोचत नाही, ते समजून घेऊ.

प्रशिक्षण आणि सोबत यांत फरक काय?

शिक्षकांना प्रशिक्षणे कमी पडतात, असे कुणी म्हणणार नाही. ‘निष्ठा’ झाले, ‘निपुण’ झाले, ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचे अभ्यासक्रम झाले. तालुक्याच्या ठिकाणी सभागृहात शंभरेक शिक्षक बसतात, तज्ज्ञ मार्गदर्शक पडद्यावर स्लाइड दाखवतात, दुपारी जेवण होते, संध्याकाळी हजेरीपत्रकावर सही होते. दुसऱ्या दिवशी शिक्षक आपल्या वर्गात एकटा असतो.

समजा, अक्कलकोट तालुक्यातली एक द्विशिक्षकी शाळा आहे. दुसरीतल्या मुलीने ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहिले. नव्या शिक्षिकेने वहीवर लाल फुली मारली आणि दशक सुटा करण्याची रीत फळ्यावर पुन्हा एकदा करून दाखवली. पुढचे उदाहरणही चुकले. अनुभवी शिक्षक मागे बसलेला असता तर त्याने मुलीला इतकेच विचारले असते, ‘तू कसे केलेस, सांग बरं?’ मग उलगडले असते, की दशक सुटा करायला ती विसरलेली नाही. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा नियम तिने पाठ केला आहे आणि वरचा आकडा कुठला, खालचा कुठला हे न बघता ती प्रत्येक घरात तो लावते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. तिच्या नियमाप्रमाणे उत्तर बरोबरच आहे. तिला रीत पुन्हा दाखवून काही होणार नाही. काड्यांचे गठ्ठे हातात देऊन ‘दोन सुट्या काड्यांतून सात देता येतील का’ असे विचारावे लागेल.

ही गोष्ट प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत लिहिलेली असू शकते. पण त्या मुलीच्या वहीसमोर, त्या क्षणी, ती कुणीतरी दाखवून द्यावी लागते. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये नव्या इंजिनीअरने लिहिलेला कोड ज्येष्ठ सहकारी ओळ न् ओळ तपासतो. ती तपासणी परीक्षा नसते, रोजच्या कामाचाच भाग असते. शाळेत मात्र शिक्षकाचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाने पाहण्याची वेळ बहुतेकदा बीएड-डीएडच्या सराव पाठापुरतीच येते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तीस-पस्तीस वर्षे दार बंद.

ही गरज सोलापुरात अधिक का जाणवते?

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि भाषेच्या बाबतीत ते एकसारखे नाहीत. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. सोलापूर शहरात विणकरांच्या वस्त्यांमध्ये तेलुगू आहे, उर्दू आहे. घरी कन्नड आणि शाळेत मराठी, असे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या चुका वेगळ्या असतात. रोजच्या बोलीतल्या कन्नडमध्ये महाप्राण उच्चार ठसठशीत नसतात, म्हणून ‘घर’चे ‘गर’ आणि ‘भात’चे ‘बात’ होते आणि मूल लिहितेही तसेच. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. त्यामुळे मराठीत पाटी ‘ती’, फळा ‘तो’ आणि पुस्तक ‘ते’ का, हे त्या मुलाला कोडेच असते. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च एकाच अक्षराने लिहितात पण वेगळे बोलतात, हेही त्याला कुणी सांगितलेले नसते.

पुण्याहून आलेल्या प्रशिक्षण साहित्यात हे सापडेलच असे नाही. शेजारच्या गावात वीस वर्षे शिकवलेल्या शिक्षिकेला मात्र ते तोंडपाठ असते. कुठली चूक आपोआप सुटते, कुठल्या चुकीवर काम करावे लागते आणि मुलाची घरची भाषा वर्गात कधी वापरून घ्यायची, हे तिने अनुभवाने शोधलेले असते. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या, कन्नडचा एक शब्दही न समजणाऱ्या शिक्षण सेवकाला नेमकी हीच माहिती हवी असते. दोघांच्या शाळांमध्ये अंतर असते चार-पाच किलोमीटरचे. तरीही त्यांची भेट होते ती बैठकीत, आणि तिथे बोलणे होते ते पोर्टलवर भरायच्या माहितीचे.

जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, वेळापूरला आहे. माळशिरस तालुक्यातले हे गाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, तर अक्कलकोट पूर्वेच्या टोकाला. मधले अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. तिथल्या अधिव्याख्यात्यांनी ठरवले तरी प्रत्येक शाळेत महिन्यातून एकदा पोहोचणे त्यांना शक्य नाही. (मध्यंतरी राज्यभरातील डाएटचे नाव बदलून त्यात ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ हे शब्द घालण्यात आले होते. पुढे जुने नाव परत आले. अंतर अर्थातच तेवढेच राहिले.)

मग यासाठी कुणाचीच नेमणूक नाही का?

आहे. त्याचे नाव केंद्रप्रमुख.

कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘शाळा समूह’ सुचवला होता. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकींना शिक्षक, साहित्य आणि अनुभव द्यावा, अशी ती मांडणी होती. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. महाराष्ट्रात १९९४ मध्ये शासन निर्णयाने केंद्र शाळांची रचना आली. साधारण दहा प्राथमिक शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, अशी राज्यभरात ४,८६० पदे. केंद्रप्रमुखाने शाळेत जायचे, वर्ग पाहायचा, गरज पडली तर स्वतः पाठ घेऊन दाखवायचा. महिन्यातून एकदा केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरवायची आणि त्यात एकाने केलेला प्रयोग दुसऱ्यांपर्यंत पोहोचवायचा. कागदावर वाचले तर आज जगभर ज्याला ‘कोचिंग’ म्हणतात ते हेच.

आता गणित करून पाहू. दहा शाळा आणि प्रत्येक शाळेला पंधरवड्यातून एक अख्खा दिवस, म्हणजे आठवड्याला पाच भेटी. आठवड्यात कामाचे दिवस सहा. उरतो एक दिवस, त्यातही शनिवारची शाळा सकाळची. तेवढ्या वेळात बैठका, अहवाल, शालेय पोषण आहाराची माहिती, यू-डायस, आधार जुळणी, शिष्यवृत्ती आणि निवडणुकीची कामे बसवायची. गणित जेमतेम जुळते, तेही केंद्रप्रमुखाकडे एकच केंद्र असेल तर. पद रिक्त असले की शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे किंवा एखाद्या मुख्याध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार येतो. शाळा होतात वीस, भेट जाते महिन्यावर. मग ती भेट वर्ग पाहण्यासाठी राहत नाही, सही-शिक्क्यासाठी होते.

आणि पदे रिक्त आहेतच. डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयानुसार निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी विभागीय परीक्षेने भरायची आहेत. ४,८६० चे निम्मे होतात २,४३०. परीक्षेने भरण्यासाठी २०२३ मध्ये जाहिरात निघाली ती २,३८४ पदांसाठी. म्हणजे परीक्षेच्या वाट्याची जवळपास सगळीच पदे भरायची होती. ती परीक्षा लांबणीवर पडली आणि २०२५ मध्ये पुन्हा जाहिरात काढावी लागली. नव्या कागदपत्रांत पदाचे नाव ‘समूह साधन केंद्र समन्वयक’ असे आहे. ‘प्रमुख’ जाऊन ‘समन्वयक’ आला, हा बदल नावापुरता न राहता कामातही उतरला तर चांगलेच.

मदत करणारा अधिकारी असावा की सहकारी?

या विषयातला सर्वात अवघड भाग इथे आहे आणि त्यावर बोलले जाते सर्वात कमी.

शाळेत कुणी ‘वरून’ आले की काय होते, हे गावात शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. दोन दिवस आधी भिंती झाडल्या जातात, हुशार मुले पुढे बसतात, पाठ झालेलाच धडा पुन्हा घेतला जातो. पाहुणे शेरेबुकात चार ओळी लिहून जातात. यात खोटेपणा आहे असे कुणालाही वाटत नाही, कारण ती तपासणी आहे आणि तपासणीत चुका झाकायच्या असतात. सोबतीचे काम नेमके उलटे आहे. तिथे चूक उघड्यावर आणावी लागते. ‘माझ्या वर्गातल्या नऊ मुलांना अजून वाचता येत नाही आणि काय करावे ते मला कळत नाही’ हे वाक्य शिक्षकाने मोठ्याने म्हणावे लागते. समोरचा माणूस संध्याकाळी तेच वाक्य अहवालात लिहिणार असेल, तर ते कोण म्हणेल?

शिक्षण सेवकाची अडचण आणखी मोठी. पहिली तीन वर्षे तो मानधनावर असतो. २०२३ पासून प्राथमिकसाठी ते महिना १६ हजार रुपये आहे, त्याआधी सहा हजार होते. कायम होणे पुढे असते. मदतीची सर्वात जास्त गरज त्याला, आणि ‘मला जमत नाही’ म्हणण्याची सर्वात जास्त भीतीही त्यालाच. पलीकडच्या गावातली ज्येष्ठ शिक्षिका त्याच्या वर्गात येऊन बसली तर ती भीती नसते. तिच्या हातात शेरेबुक नसते, त्याची फाइल नसते. तिचा स्वतःचा वर्ग असतो आणि त्या वर्गातही चार मुले अडलेली असतात. ‘माझ्याकडेही असेच होते, मग मी हे करून पाहिले’ असे ती म्हणू शकते.

केंद्रप्रमुखाच्या पदात मात्र मदत आणि देखरेख ही दोन्ही कामे एकत्र बांधलेली आहेत. काही केंद्रप्रमुख स्वभावाने हा पेच सोडवतात. शाळेत गेल्यावर आधी मुलांमध्ये बसतात, शेवटी गरज असेल तरच लिहितात. पण व्यवस्था स्वभावावर सोडता येत नाही.

महाराष्ट्रात हे कुठे जमले?

साताऱ्यातील कुमठे बीटचे उदाहरण शिक्षकांना सांगायची गरज नाही. २०१२ च्या सुमारास तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू केले. मुलांना बाकावर बसवून सांगण्याऐवजी जमिनीवर, साहित्याभोवती, गटात शिकू द्यायचे. निकाल दिसू लागले तशा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे वळल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. शिक्षकाने मागितले तरच प्रशिक्षण द्यायचे आणि एका शाळेने दुसऱ्या शाळेकडून शिकायचे, हा विचार त्यात होता. सरकारी कार्यक्रमात तो तोवर फारसा दिसत नसे.

पण कुमठ्याहून परतताना शिक्षकांनी काय आणले? बऱ्याच ठिकाणी रंगाचे डबे आणले. वर्गाच्या फरशीवर अंकांच्या चौकटी, बाराखडीची वर्तुळे आणि नकाशे उमटले. फोटो छान आले. दिसत होते ते उचलले गेले आणि न दिसणारे मागे राहिले. कुमठ्यात विस्तार अधिकारी स्वतः वर्गात बसत होत्या, शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहत होते, जमले नाही ते पुन्हा बोलत होते. ते एका दिवसाच्या भेटीत दिसत नाही आणि रंगवताही येत नाही. पाहुणा शिक्षक एकदा कुमठ्याला गेला, पण त्याच्या शाळेत परत कुणी आले नाही.

माळशिरसला लागून असलेल्या फलटणमध्ये एक वेगळे उदाहरण आहे. अमेरिकेतून येऊन फलटणकर झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांची प्रगत शिक्षण संस्था मुलांना वाचायला कसे शिकवावे यावर अनेक दशके काम करते आहे. आपल्या शाळेत तावूनसुलाखून घेतलेली पद्धत त्यांनी आसपासच्या सरकारी शाळांपर्यंत नेली. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळच्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही नीलेश निमकर यांची संस्था २००७ पासून आदिवासी भागातील शिक्षकांसोबत असेच काम करते. प्रशिक्षणानंतर वर्गात पुन्हा पुन्हा जाणे, हे दोन्हींच्या कामातले समान सूत्र. दोन्हींना वर्षे लागली, हेही समान.

व्हॉट्सअ‍ॅप गटाने हे काम भागत नाही का?

थोडेसे भागते. ‘कृतिशील शिक्षक महाराष्ट्र’ हा समूह व्हॉट्सअ‍ॅपमुळेच वाढला. सोलापुरातून उभ्या राहिलेल्या ‘सर फाउंडेशन’सारख्या शिक्षकांच्याच संस्थांनी नवोपक्रम एकमेकांपर्यंत पोहोचवले. कार्यपत्रिका, व्हिडीओ, खेळ, चाचण्या यांची देवाणघेवाण मोबाइलवर सहज होते आणि खेड्यातल्या एकट्या शिक्षकाला तो मोठा आधार असतो.

पण मोबाइलवरून किती होते, याचे मोजमाप दक्षिण आफ्रिकेत झाले आहे. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात संशोधकांनी शाळांचे गट पाडले. दोन गटांना एकसारख्या पाठयोजना आणि वाचनपुस्तके दिली. एका गटातील शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटात मार्गदर्शक नियमित वर्गात जात राहिला. दोन वर्षांनी मुलांचे वाचन तपासले, तेव्हा वर्गात जाणाऱ्या मार्गदर्शकाचा परिणाम प्रशिक्षणाच्या सुमारे दुप्पट निघाला. खर्चही जास्त होता. मग पुढचा प्रश्न आला, की मार्गदर्शक प्रत्यक्ष न जाता टॅब्लेट आणि फोनवरून बोलला तर? म्पुमलांगा प्रांतात तेही करून पाहिले. तीन वर्षांनी दिसले, की प्रत्यक्ष जाणाऱ्या मार्गदर्शकामुळे मुलांचे इंग्रजी बोलणे आणि वाचणे दोन्ही सुधारले. दूरस्थ मार्गदर्शनाने बोलणे थोडे सुधारले, वाचन सुधारले नाही आणि मुलांच्या मातृभाषेतील वाचनावर उलटा परिणाम झाला.

अमेरिकेतील संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा ६० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. शिक्षकाला वर्गात सोबत मिळाली की शिकवणे सुधारते आणि मुलांचे शिकणेही सुधारते, हा त्यातला पहिला निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो. कार्यक्रमातील शिक्षकांची संख्या वाढत जाते तसा परिणाम घटत जातो. थोड्यांसाठी चांगले मार्गदर्शक मिळतात, हजारोंसाठी मिळवणे अवघड. सगळ्या राज्यात एकाच आदेशाने, एकाच तारखेपासून योजना सुरू करण्याची आपली सवय पाहता हा निष्कर्ष मंत्रालयात भिंतीवर लावण्यासारखा आहे.

केनियाने मोठ्या प्रमाणावरही बरेच साधले. तिथे २०१५ पासून ‘टुसोमे’ हा वाचन कार्यक्रम देशभर राबवला गेला. आपल्या केंद्रप्रमुखांसारखेच तिथेही शाळांना मदत करणारे अधिकारी आधीपासून होते आणि तेही कार्यालयीन कामांत अडकलेले होते. त्यांना टॅब्लेट दिले. वर्गात बसून निरीक्षण नोंदवले आणि जीपीएसने ते शाळेतच होते हे दिसले, की प्रवासखर्च मिळायचा. नवी पदे न काढता, दुचाकीच्या पेट्रोलची सोय आणि वर्गभेटीची नोंद यांची सांगड घातली. भेटी वाढल्या.

अनुभवी शिक्षक बाहेर गेला तर त्याच्या वर्गाचे काय?

शेजारच्या शाळेला मदत करणारा शिक्षक हवेतून येत नाही. तो कुठल्या तरी वर्गातून उठून येतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक असतात. त्यातला एक आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या शाळेत गेला, तर त्या दिवशी पाचही इयत्ता एकट्याच्या गळ्यात. वर्षभरात असे चाळीसेक दिवस. पालक विचारणारच, की आमचे गुरुजी दुसऱ्यांच्या मुलांसाठी का? प्रश्न अजिबात चुकीचा नाही.

या ताणाचे सर्वात ठळक उदाहरण सोलापूरनेच पाहिले. डिसले यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जाण्याकरिता रजा मागितली आणि २०२२ मध्ये डाएटमधील त्यांच्या प्रतिनियुक्तीच्या काळातील हजेरीवरून वाद उभा राहिला. चौकशी झाली, राजीनाम्याच्या बातम्या आल्या. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. शाळेबाहेर काम करणाऱ्या शिक्षकाचा दिवस कसा मोजायचा, त्याच्या जागी वर्गावर कोण उभे राहणार आणि तो काय करतो हे कुणी पाहायचे, याची नीट बसवलेली रीत आपल्याकडे नाही. रीत नसली की शेवटी उरते हजेरीपत्रक, आणि वादही त्यावरूनच होतो.

दिल्ली सरकारने २०१६ मध्ये हा प्रश्न थेट सोडवला. आपल्याच शाळांमधील २०० शिक्षक निवडले, त्यांना ‘मेंटॉर टीचर’ केले, स्वतःच्या वर्गातून मोकळे केले आणि प्रत्येकाकडे पाच-सहा शाळा दिल्या. त्यांच्याकडे अधिकार नव्हते, काम होते. शहरात शाळा जवळजवळ आणि मोठ्या असल्याने एक शिक्षक काढला तरी वर्ग चालतो. करमाळा किंवा सांगोल्यातल्या वस्तीशाळेत तसे होत नाही. तिथे पर्याय दोनच. केंद्रात एक जादा शिक्षक ठेवायचा, जो त्या दिवशी मोकळ्या वर्गावर जाईल. नाहीतर निवृत्त शिक्षकांना मानधनावर बोलवायचे. दोन्हींना पैसे लागतात. फुकटात ही योजना होत नाही आणि कुणी तसे सांगत असेल तर तो दिवस कुठल्या तरी मुलांच्या खात्यातून वजा होतो आहे, असे समजावे.

नव्या धोरणात काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. ‘शाळा समूह’ ही कोठारी आयोगाची कल्पनाही धोरणाने पुन्हा मांडली. इथे एक घोळ टाळायला हवा. ‘शाळा समूह’ म्हणजे शाळा आपापल्या जागी ठेवून त्यांना एकमेकींशी जोडणे. २०२३ मध्ये राज्य सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ज्या ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले, त्यात लहान शाळा मोठ्या शाळेत सामावणे अपेक्षित होते. शब्द उलटे केले की अर्थही उलटा होतो.

अनुभवी आणि निवृत्त अध्यापकांच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अभियानही धोरणात आहे. मूळ मजकुरात ते विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ते शालेय शिक्षकांसाठी हाती घेतले. २९ जुलै २०२२ रोजी ३० शाळांमध्ये ६० मार्गदर्शकांसह त्याची प्रायोगिक सुरुवात झाली. त्या ३० शाळा केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सीबीएसईच्या होत्या. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा त्यात बसत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र परवानगीची वाट न पाहता काही गोष्टी होऊ शकतात. शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. ती सभागृहाऐवजी एखाद्या शाळेच्या वर्गात भरवता येईल. पहिला तास प्रत्यक्ष पाठ पाहायचा, दुसरा तास त्यावरच बोलायचे आणि पोर्टलची माहिती मोबाइलवर पाठवून द्यायची. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या केंद्रांनी कन्नडभाषक मुलांच्या मराठीवरच वर्षभराच्या परिषदा घेतल्या तरी विषय पुरून उरेल. शिक्षण सेवकाला रुजू होताना पहिल्या वर्षासाठी केंद्रातील एक ज्येष्ठ शिक्षक नेमून देता येईल, आणि त्या दोघांतले बोलणे अहवालात जाणार नाही, हे लेखी ठरवता येईल. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकही शेरेबुक पाहताना ‘साहेब कधी आले’ याऐवजी ‘आले तेव्हा वर्गात किती वेळ बसले’ असे विचारू शकतात.

राहिला ५० तासांचा हिशोब. ‘दीक्षा’वरचा अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळते, तास मोजता येतात. शनिवारी शाळा सुटल्यावर पाच किलोमीटरवरच्या गावात जाऊन सहकाऱ्याच्या अडलेल्या मुलांसोबत घालवलेल्या दोन तासांचे प्रमाणपत्र आपोआप तयार होत नाही.